तारलीचं वकीलपत्र

तांडेलांशी हात मिळवणं म्हणजे एक तपासणीच असायची. आपला पंजा ते दोन्ही हातांत घ्यायचे आणि बोटांची पेरं एकेक करून दाबत जायचे, भाजीवाल्यापुढे भेंडी मोडून बघतात ना, अगदी तसे. मग डोळे मिटून क्षणभर गप्प. नवा माणूस बिचकायचाच. एकदा त्यांनी आमच्या प्लँट मॅनेजरचा हात असाच धरून ठेवला आणि त्या सुटाबुटातल्या इजिप्शियन माणसाला शांतपणे सांगितलं, "साब, आपको छोटा मच्छी कम पडता है." मॅनेजर हसला म्हणून निभावलं. मी मात्र घामाघूम झालो होतो, कारण त्यांना केबिनमध्ये घेऊन जाणारा मीच होतो.

होडीच्या म्होरक्याला कोकणात तांडेल म्हणतात. हे गृहस्थ वीस वर्षांचे होईपर्यंत मालवणकडच्या किनाऱ्यावर बापाच्या होडीत होते, नंतर रास अल खैमाला आले ते तिथेच रुजले. टाइल्सच्या कारखान्यात स्पेअर पार्ट्सचं स्टोअर सांभाळायचे. होडी सुटून तीस वर्षं झाली तरी नाव काही सुटलं नाही. मी त्याच कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनर होतो आणि तीन वर्षं त्यांच्याबरोबर एका फ्लॅटमध्ये राहिलो. आता मी दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला असतो, संसार आहे, मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी आहे. पण ती तीन वर्षं आठवली की ती मी जागेपणी काढली असं वाटतच नाही.

सुरुवात मात्र भांडणाने झाली. मी फलटणचा. आमच्याकडे मासा म्हणजे यात्रेला गेलेल्या कुणीतरी हॉटेलात खाऊन आल्यावर सांगायची गोष्ट. पहिल्या दिवशी बर्फ घ्यायला फ्रीझर उघडला, तर वरपासून खालपर्यंत बोटभर लांबीचे चकचकीत मासे! एक कप्पासुद्धा माझ्यासाठी सोडलेला नाही.

"हे काय आहे?"

"तारली."

"एवढी?"

"अरे मेल्या, एवढी म्हणजे? ही तर आठवड्याची आहे."

मी चिडून बाल्कनीचं दार उघडलं. बाहेरून भट्टीसारखी हवा आत आली. दोघंही घामाने निथळत बसलो, पण दार लावू या असं कोणी म्हणेना. शेवटी मीच लावलं. तांडेलांच्या बाबतीत हे असंच चालायचं. ते वाद घालायचे नाहीत, नुसते थांबायचे, आणि समोरच्याचा घाम निघेपर्यंत त्यांना थांबता यायचं.

सुरमई, पापलेट, इथला हामूर, हे सगळे त्यांच्या लेखी साहेबांचे मासे. "मोठा मासा दिसायला असतो, छोटा मासा अंगाला लागतो," असं म्हणायचे. तारली आणि बांगडा, बस्स. गावाहून आणलेली तिरफळं एका हॉर्लिक्सच्या बाटलीत जपून ठेवलेली असायची. ती ठेचून तारल्यांचं तिखलं, म्हणजे अंगाबरोबरचं तिखट कालवण, करायचे. खाताना काटा काढायचे नाहीत. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा काटे काढता काढता अर्धा तास गेला आणि हाती चमचाभर मासा आला. तांडेल माझ्याकडे असे बघत होते, जणू मी नोटा फाडून कचऱ्यात टाकतोय.

माझ्या बोटांची भानगड त्यांनीच पहिल्यांदा पकडली. सकाळी उठलो की मूठ वळायची नाही, ब्रश धरताना जीव जायचा. मला वाटायचं, दिवसभर माउस चालवून होत असेल. तांडेलांनी पेरं दाबली नि म्हणाले, "घाटावरच्या, तुझ्या सांध्यात वारा नाही, आग आहे. दाखव कुणाला तरी." क्लिनिकमध्ये एक केरळी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त तपासलं आणि हिंदीत सांगितलं, की सांध्यांना सूज आहे, सुरुवात आहे, वेळेवर आलात. गोळ्या दिल्या आणि जोडीला माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही लिहून दिल्या.

त्या कॅप्सूल बघून तांडेलांना जो आनंद झाला! एक उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. पिवळी, पारदर्शक.

"ही काय, तारलीच आहे. कपडे काढलेली. कितीला?"

"पंच्याऐंशी दिरहम. म्हणजे दोन हजार रुपये झाले."

"आणि कपडे घातलेली पाच दिरहम किलो!" असं म्हणून ते खुर्चीवर बसून हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दिवसापासून माझ्या ताटात रोज चार तारल्या पडू लागल्या. गोळ्या मी सोडल्या नाहीत, हे सांगितलं पाहिजे. दोन-तीन महिन्यांत मूठ वळायला लागली. श्रेय कुणाचं यावर डॉक्टरीणबाई आणि तांडेल यांचा एकमेकांना न भेटता वाद चालू होता आणि मी मधला टपालवाला.

शरीराबद्दल त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. अंगात भरती येते, म्हणायचे. लागलं, खुपलं, ताप आला की रक्त तिकडे धावतं, ती भरती. ती यायलाच पाहिजे, त्याशिवाय घाण धुऊन कशी जाईल? पण आली की गेलीही पाहिजे. आलेली भरती परतायची विसरते, तिचं नाव सूज. आणि परतायची वाट तिला कोण दाखवतं? तारली. का, तर ती जन्मभर भरती-ओहोटीबरोबरच फिरते, तिला वाटा पाठ असतात. हे सगळं ते इतक्या सावकाश, इतक्या समजूतदार आवाजात सांगायचे की आपण मान डोलावतोय हे नंतर लक्षात यायचं.

सुट्टीच्या सकाळी आम्ही समुद्रावर जायचो. तिथे वाळूत लांबच लांब तारल्या वाळत घातलेल्या असायच्या. ऊन वर चढलं की सगळा किनारा लुकलुकायचा, समुद्र कुठे संपतो नि मासे कुठे सुरू होतात ते कळायचं नाही. तांडेल चपला हातात घेऊन त्या वाफ्यांच्या मधून चालायचे, देवळात चालतात तसे हळू. तिथे एक म्हातारा अरब कोळी जाळं शिवत बसलेला असायचा. जुन्या अरबांना हिंदी छान येतं. त्यानेच आम्हाला सांगितलं, की हे उंटांचं खाणं आहे आणि उरलंसुरलं खजुराच्या झाडांना खत.

मला हसू आवरेना. "तांडेल, तुमचं अमृत उंट खातात."

"उंटाला अक्कल आहे," ते म्हणाले. "कुठला उंट गुडघे धरून कण्हताना बघितलायस?"

म्हाताऱ्याला मी हे हिंदीत सांगितलं. तो जाळं खाली ठेवून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, की त्याच्या लहानपणी घरात मासा आणि खजूर एवढंच असायचं, आणि पाणी आणायला लांब चालत जावं लागायचं. आता नातवंडं फोनवरून जेवण मागवतात आणि घरातल्या चौघांना शुगर आहे. तांडेलांनी माझ्याकडे वळून मान हलवली. कोर्टात आपला साक्षीदार बरोबर बोलला की वकील जसा बघेल, तसे.

वकीलच म्हणायचो मी त्यांना. "तारलीचं वकीलपत्र घेतलंय तुम्ही." ते म्हणायचे, "घेतलंय. फी नको." आणि त्यांची सगळ्यात मोठी साक्षीदार म्हणजे त्यांची आई. ऐंशीच्या पुढची. जन्मभर माशांची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव विकत फिरलेली, अजून सुईत दोरा ओवते. "आमच्या घरात सूज हा शब्द नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

उन्हाळ्यात दुपारी बाहेरची कामं बंद ठेवावी लागतात. साइटवरची माणसं मग सावली शोधत स्टोअरमध्ये येऊन आडवी व्हायची. थंडगार फरशी, एसीची घरघर, रॅकवर ओळीने बेअरिंगं आणि बेल्ट. तांडेल एका पुठ्ठ्यावर पाठ टेकायचे, डोळे मिटायचे आणि होडी पाण्यात लोटायचे. खरंच सांगतो! "मतलई सुटलाय," म्हणायचे, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा पहाटेचा वारा. "शीड सोड. डाव्या हाताला किल्ला ठेव. आता बोलू नका, पाणी काळं झालंय, खाली मासा आहे." हळूहळू शेजारचे बिहारी, नेपाळी, आपले सोलापूरचे, सगळे गप्प व्हायचे. भाषा निम्म्यांना कळत नव्हती. मी फलटणचा माणूस, पोहायलासुद्धा विहिरीत शिकलेला, पण त्या फरशीवर पडल्या पडल्या मला अंगाखाली पाणी हललेलं जाणवायचं. तीनला भोंगा झाला की तांडेल डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "यल्ला, चला, उतरा. आली बंदरात." मग सगळे उठून हेल्मेटं शोधायला लागायचे.

तिसऱ्या वर्षी त्यांचा पाय सुजला.

उजव्या पायाचा अंगठा. सकाळी लाल, दुपारी जांभळा, संध्याकाळी त्यावर चादर पडली तरी माणूस ओरडेल असा. तांडेल म्हणाले, बूट चावलाय. दोन आठवड्यांनी बरा झाला, मग परत आला, मग डाव्या पायात गेला. चांगला सहा फुटी गडी, भिंत धरून बाथरूमला जायला लागला. मी तीनदा सांगितलं, मग आवाज चढवला, मग टॅक्सी बोलावून अक्षरशः ढकलत क्लिनिकला नेला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. "चाचा, यूरिक ॲसिड बहुत ज़्यादा है. छोटी मछली, सूखी मछली, अभी बंद. खाने में और क्या लेते हो?"

तांडेल भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. मग मीच सांगितलं. रोज दोन वेळा तारली, बाराही महिने. बरोबर मेसचे परोठे. आणि स्टोअरबाहेरच्या मशीनमधले कोल्ड्रिंकचे तीन-चार कॅन, कारण तहान लागते आणि पाणी गरम असतं.

"कोल्ड ड्रिंक भी बंद. गोली रोज़ लो. दो-तीन महीने बाद थोड़ी-थोड़ी मछली खा सकते हो. नहीं तो ये पैर..." 

टॅक्सीत तांडेल खिडकीबाहेर बघत होते. खाजणातल्या खारफुटीत पाणी चढत होतं. तिकडेच बघत म्हणाले, "बाई चांगली आहे. पण चुकली."

"रक्त तपासलंय त्यांनी!"

"रक्त तपासलं. मासा कुठे तपासला?"

गोळ्यांची पुडी त्यांनी कपाटात ठेवली आणि हात लावला नाही. मी समजावलं, ओरडलो, दोन दिवस अबोला धरला. कुत्र्याचं शेपूट! शेवटी एका संध्याकाळी मी विचारलं, की एवढा हट्ट नक्की कशासाठी? गोळी खाल्ली तर काय मासा रागावणार आहे? तेव्हा ते पायाखाली उशी घेत म्हणाले, "आयेने पाटी वाहिली रे. पन्नास वर्षं. त्याच माशावर आम्हा चौघांना वाढवलं. आता मी तिला सांगू, की आये, तू वाढलंस त्यानेच माझे पाय गेले? गोळी घेतली म्हणजे कबूल केलं."

 नंतर स्वयंपाकघरात जाऊन मी उगीच भांडी घासत बसलो.

आईला त्यांनी सांगितलं होतं, की पायावर खोका पडला. गावाला असलेल्या बायकोला खरं माहीत होतं, पण तिला बोलायची बंदी. आणि पाय दिवसेंदिवस बिघडत होता. एका सकाळी सेफ्टी शूज पायात जाईनात. तांडेल चपला घालून कामाला आले. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. बूट नाही तर आत प्रवेश नाही, नियम म्हणजे नियम. तीस वर्षं ज्या गेटातून गेले तिथे बाकावर बसून राहिले. सुपरवायझरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "महिनाभर सिक लीव्ह देतो. त्यानंतर नाही आला तर खलास, घरी पाठवावं लागेल."  दुपारी स्टोअरमध्ये माणसं नेहमीसारखी येऊन आडवी झाली, पण कुणीच होडी लोटली नाही.

मग मी चोंबडेपणा केला. सरळ शब्द तोच आहे. त्यांच्या बायकोला फोन केला आणि म्हणालो, "वहिनी, आता आजींना सांगा. शिव्या खायला मी तयार आहे."

दुसऱ्याच दिवशी, ऐन दुपारी, त्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. मी जेवायला घरी आलो होतो. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग अगदी जवळून एक म्हातारं नाक, आणि मग फोन कुणीतरी सरळ धरल्यावर आख्खी आजी. अंगणात बसलेली, मागे माड.

"पाय कसो आसा?"

"बरो आसा गो. खोको पडललो तो..."

"खोको नाय नि बिको नाय. सुनेन सांगल्यान माका सगळा."

तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

"आये, ती डॉक्टरीण काय पण सांगता," तांडेल घाईघाईने बोलायला लागले. "माशान काय होयत? तू बघ, तुका काय झाला? बाबांक काय झाला?"

आजीने फोन धरणाऱ्या सुनेकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "बापाशीचो पाय तसोच सुजायचो तुझ्या. अंगठो लालभडक. उठाक मिळत नसला."

"बाबांचो? बाबांक डोलकाठी लागलली ना?"

"तुमका पोरांका तसा सांगललंय मी."

तांडेल खुर्चीत मागे टेकले. फोन हलला, आजीचा चेहरा तिरका झाला. मी उठून फोन धरला. त्यांनी नको म्हटलं नाही.

"थय श्रावण पाळतस?" आजीने विचारलं.

"गल्फात खयचो श्रावण, आये?"

"वायचसुद्धा खंड नाय?"

"नाय. हय फ्रीज आसा."

आजीने कपाळावर हात मारला. "अरे, म्हयनो-दीड म्हयनो मी घरात मासो शिजवक देय नसलंय, तो काय देवासाठी? देव खय मागता? तुझ्या बापाशीच्या पायासाठी! पेज नि आळू, आळू नि पेज. तेतूरच उतरायचो पाय. तेका सरळ सांगलंय आसतंय तर आयकलो नसतो, म्हणान देवाचा नाव घेतलंय."

मी आयुष्यात अनेक मोठ्या लोकांची भाषणं ऐकलीत, पण त्या दुपारी त्या मोबाइलमधून जे ऐकलं तसं कुठेच ऐकलं नाही. तांडेल त्या सगळ्या श्रावणांतून गेले होते. लहानपणी रोज पेज खाऊन कंटाळले होते, नारळी पौर्णिमेची वाट बघत होते, आणि त्यातलं सोडायचं काय, ठेवायचं काय हे ठरवताना त्यांनी मासा ठेवला आणि खंड टाकून दिला होता.

"माका कधी सांगलंस कसा नाय?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी हय जगाक सांगत फिरतंय, आमच्या घरात सूज नाय म्हणान."

"सांगान काय केलं आसतंय?" आजी म्हणाली. रागाने नव्हे, दमून. "माशाक भियालास आसतास तर पानात काय वाढलं आसतंय तुमच्या? दुसरा काय होता रे झिला घरात?"

 पलीकडे सुनेने फोन दुसऱ्या हातात घेतला असावा. माड हलले, अंगण हललं, आणि आजी पदराने डोळे पुसताना दिसली.

तांडेल उठले. भिंत धरत, एकेक पाऊल टाकत कपाटापर्यंत गेले. पुडी काढली, गोळी तळहातावर घेतली आणि माझ्या ग्लासातल्या पाण्याबरोबर गिळली. मग परत येऊन बसले आणि माझ्या हातातला फोन घेतला. बरंच जवळ धरला, तोंडाजवळ.

"आये," ते म्हणाले, "तुझो मासो चांगलोच होतो गो."